नागपुरात शाकाहारी जेवायला बाहेर पडताना: आधी घड्याळ, मग मेनू कार्ड

नागपुरात कुणालाही ‘एखादं चांगलं व्हेज हॉटेल सांगा’ म्हणा, तो आधी विचारेल, ‘किती वाजता जाऊन राह्यले?’ यात टाळाटाळ काही नाही. या शहरात खाणं हॉटेलच्या नावापेक्षा वेळेवर चालतं. सकाळी सातला जिथे प्लेट हातात धरून उभं राहायला जागा नसते, तिथे अकरानंतर रिकामी पातेली घासायला निघालेली असतात. ज्या फॅमिली रेस्टॉरंटचं सगळे कौतुक करतात, तिथे रविवारी रात्री साडेआठला गेलात की मॅनेजर वहीत नाव लिहून घेतो आणि बाहेरची खुर्ची दाखवतो.

बदलीवर, शिक्षणाला, मिहानमधल्या नोकरीला किंवा कुणाच्या दवाखान्यासाठी जे नागपुरात येतात, त्यांच्यासाठी हा लेख आहे. इथे ‘टॉप टेन’ची यादी नाही, कारण चांगला आचारी सोडून गेला की चांगलं हॉटेल सहा महिन्यांत बदलतं. वेळ, पदार्थ आणि विचारायचे प्रश्न मात्र तेच राहतात.

पहिली पायरी: दिवसाचे तुकडे पाडा

ढोबळ वेळापत्रक असं. सकाळी सहा ते दहा पोह्यांचे ठेले. बारा ते दोन-अडीच खानावळी आणि थाळ्या. चार ते सात आलूबोंडा, कचोरी, गुपचूप म्हणजे पाणीपुरी, डोसा. आठनंतर फॅमिली रेस्टॉरंट. दुपारी तीनला भूक लागली तर थाळी शोधू नका, डाळ गार झालेली असते आणि वाढपी स्वतः जेवायला बसलेले असतात. त्या वेळी दिवसभर चालणारं दाक्षिणात्य उपाहारगृह किंवा कूपन घेऊन खायचं काउंटर बरं.

भाग निवडताना मेट्रोचा उपयोग होतो. अ‍ॅक्वा मार्गिकेवर झाशी राणी चौक, इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स, शंकरनगर, एलएडी चौक आणि धरमपेठ कॉलेज ही स्थानकं ओळीने लागतात. धरमपेठ, गोकुळपेठ, रामदासपेठ, शंकरनगर हा खाण्याचा सगळ्यात दाट पट्टा या ओळीच्या आसपास आहे. अ‍ॅक्वा आणि ऑरेंज या दोन्ही मार्गिका सीताबर्डीला एकमेकींना मिळतात. बर्डीच्या मुख्य रस्त्यावर संध्याकाळी चारचाकी नेणं म्हणजे जेवणाआधीच भांडण. सदर, इतवारी, महाल यांचं खाणं जुनं आहे, पण गल्ल्या अरुंद, त्यामुळे तिथे दुचाकी किंवा ऑटो.

दुसरी पायरी: सकाळची सुरुवात तर्री पोह्यांनी

पुण्या-मुंबईचे कांदेपोहे डोक्यात ठेवून प्लेट उचललीत तर गोंधळ उडेल. इथले पोहे मुद्दाम साधे, हलके, जवळजवळ फिके असतात, कारण खरं काम तर्रीचं आहे. हरभऱ्यांचा पातळ, झणझणीत, वर लाल तवंग असलेला रस्सा पोह्यांवर ओततात आणि मग कांदा, कोथिंबीर, शेव किंवा चिवडा, लिंबाची फोड. कस्तुरचंद पार्कचा परिसर यासाठी प्रसिद्ध आहे, पण खरं सांगायचं तर प्रत्येक नागपूरकराचा स्वतःच्या चौकातला ठेलेवालाच सगळ्यात भारी असतो. त्यावर वाद घालू नये.

मागायचं कसं? पहिल्यांदा खात असाल तर ‘भाऊ, तर्री कमी, चणा जास्त’ म्हणा. तिखटाचा जोर वरच्या तवंगात असतो, खाली बसलेल्या चण्यांमध्ये कमी. त्यामुळे डाव खालून घालून दिलेली तर्री आणि वरून काढलेली तर्री या जवळजवळ दोन वेगळ्या भाज्या आहेत. लहान मुलांसाठी ‘सुके पोहे, शेव टाकून’ मिळतात. तर्री संपली की बहुतेक जण पुन्हा थोडी वाढतात. प्लेट पुढे करायची, लाजायचं नाही. मात्र नुसत्या तर्रीची तिसरी फेरी मागितली की भाऊचा चेहरा बदलतो, आणि तो बदलायलाच हवा.

ठेला चांगला की नाही हे खाण्याआधी कळतं. पोहे वाफेवर धरलेले आहेत का, की उघड्या परातीत वाळत पडलेत? तर्री उकळती आहे का? प्लेटा बादलीतल्या एकाच पाण्यात बुचकळून काढतात का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल तर कागदी प्लेट मागा किंवा पुढच्या चौकात जा. चौकांची कमी नाही.

तिसरी पायरी: दुपारी थाळी, पण कोणती?

दुपारच्या शाकाहारी जेवणाचे तीन प्रकार आहेत आणि तिघांचे हिशेब वेगळे.

पहिली, घरगुती खानावळ किंवा मेस. कॉलेज आणि वसतिगृहांच्या आसपास या गल्लोगल्ली असतात. पोळ्या, एक रस्साभाजी, एक सुकी, वरण, भात, कधी ताक. इथे मेनू कार्ड मागू नका. ‘काकू, आज काय भाजी आहे?’ एवढंच विचारा. नवीन माणसाने महिन्याचे पैसे भरण्याआधी तीन वेगवेगळ्या वारी एकेक वेळ जेवून बघावं, त्यात एक वार आठवड्याच्या शेवटचा असावा. सोमवारचं वरण सगळीकडे चांगलंच असतं. बऱ्याच मेस रविवारी रात्री बंद असतात, ते आधी विचारून ठेवा. सुट्टीवर गेल्यास खाडे वजा होतात का, हेही पैसे देण्याआधीच ठरवायचं.

दुसरी, गुजराती-राजस्थानी वळणाची अमर्याद थाळी. इथे युक्ती एकच: पहिल्या फेरीत फरसाण आणि गोड यांना हात आखडता ठेवा. वाढपी सगळ्यात आधी आणि सगळ्यात प्रेमाने ढोकळा, कचोरी, जिलेबीच आणतात, आणि भाजी-भाकरीपर्यंत पोहोचेस्तोवर माणूस गार होतो. थाळी वाटून खाता येत नाही, लहान मुलांचा दर वेगळा असतो, आणि ताटात टाकलेल्या अन्नाचे पैसे लावण्याची पाटी काही ठिकाणी असते. ती बसण्याआधी वाचा.

तिसरी, वऱ्हाडी-नागपुरी जेवण देणारी हॉटेलं, आणि बाहेरच्या माणसाने वेळ काढावा तो यांच्यासाठी. विष्णू मनोहर यांची ‘विष्णूजी की रसोई’ ही बुफे पद्धतीची जागा यासाठी माहीत असलेली. लहान-मोठी इतरही आहेत. तिथे गेल्यावर पनीरकडे पाठ करा. वांग्याचं भरीत, चून-भाकर (चून म्हणजे पिठलं), ठेचा, कढी, पाटवडी आणि मिळाला तर गोळाभात किंवा वडाभात, हे ताटात घ्या. गोळाभातात हरभऱ्याच्या डाळीचे मसालेदार गोळे भाताबरोबर शिजवलेले असतात. गोळा भातात कुस्करायचा, त्यावर मोहरी-हिंगाची कडकडीत तेलाची फोडणी घ्यायची आणि शेजारी कढी. वडाभाताची रीत तशीच, फक्त गोळ्याऐवजी तळलेला डाळीचा वडा कुस्करतात. फोडणी आधीच घालून ठेवलेली असेल तर नवी करून मागा, कारण गार तेलाने तो भात फक्त तेलकट होतो. हे दोन्ही मूळचे घरातले आणि पंगतीतले पदार्थ, म्हणून नेहमीच्या हॉटेलात रोज नसतात. फोन करून ‘आज गोळाभात आहे का’ विचारलं तर चक्कर वाचते.

चौथी पायरी: सावजीकडे शाकाहारी माणसाने जायचं का?

जायचं. पण डोळे उघडे ठेवून.

सावजी स्वयंपाक हा नागपूरच्या विणकर हलबा कोष्टी समाजाचा वारसा. नाव मटणासाठी झालं, तरी बहुतेक सावजी भोजनालयांत पाटवडी रस्सा, डाळ-कांदा आणि एखादी वांग्याची भाजी असते. काळसर, खड्या मसाल्याचा, तेल सुटलेला रस्सा हा त्या हाताचा खरा ठसा, आणि तो पाटवडीत पुरता उतरतो.

काटेकोर शाकाहारी असाल तर बसण्याआधी एकच प्रश्न नीट विचारा: ‘पाटवडीचा रस्सा वेगळा करता, की मटणाच्याच रश्श्यात वडी टाकता?’ चांगल्या ठिकाणी सरळ उत्तर मिळतं. उत्तरात आढेवेढे आले की उठायचं. आता फक्त शाकाहारी सावजी जेवण देणाऱ्या जागाही आहेत. ज्यांना एकाच स्वयंपाकघराचं वावडं आहे त्यांनी तिथेच जावं.

पाटवडी मागवताना रस्सा वेगळ्या वाटीत घ्या. बेसन शिजवून थापलेली ती वडी रश्श्यात जास्त वेळ राहिली की विरघळू लागते आणि पंधरा मिनिटांत रश्श्याचं पिठलं होतं. दोन-दोन वड्या बुडवत खायच्या. सोबत पोळीपेक्षा ज्वारीची भाकर बरी. काही जागी लांब रोटी मिळते: पातळसर कणीक हातावर लांबवत नेऊन पालथ्या तापल्या मडक्यावर टाकलेली, रुमालासारखी मऊ. ती करताना बघायला मिळाली तर जेवण दहा मिनिटं उशिरा आलं तरी चालेल.

तिखट लागलंच तर पाणी ढोसू नका. मिरचीचा तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, पाणी तो फक्त तोंडभर पसरवतं. ताक, दही किंवा दूध घ्या, आणि कोरडा भात चावा. ‘कमी तिखट करा’ हे सावजीत फारसं चालत नाही, कारण रस्सा सकाळीच झालेला असतो. तेव्हा वरचा तवंग बाजूला करून वाढायला सांगणं हाच खरा उपाय. आणि मे महिन्याच्या दुपारी, बाहेर पारा ४५ च्या पुढे असताना, सावजी खाण्याचा पराक्रम करू नये. तो डिसेंबरच्या रात्रीचा पदार्थ आहे.

पाचवी पायरी: संध्याकाळी उभ्या-उभ्या

इथे फार सांगण्यासारखं नाही, कारण इथे चुकायला जागा कमी. आलूबोंड्यावर किंवा समोशावरही तर्री ओतून मिळते, ती घ्या. पाणीपुरीला गुपचूप म्हणा. कूपनवाल्या काउंटरांवर, म्हणजे हल्दीरामसारख्या ठिकाणी, आधी पैसे, मग कूपन, मग त्या-त्या पदार्थाच्या खिडकीवर रांग. घरचे दोघं असाल तर एकाने टेबल धरायचं आणि एकाने कूपन काढायचं. दोघंही रांगेत राहिलात तर डोसा हातात घेऊन फिरायची वेळ येते. हल्दीरामचं कुटुंब मूळ बिकानेरचं, पण इथली संत्रा बर्फी आता नागपूरची म्हणूनच गाडीत बसते.

पावसाळ्यात गुपचूपचं पाणी, आधी चिरून ठेवलेला कांदा आणि उघडी हिरवी चटणी टाळा. कडक तळलेलं आणि समोर उकळतं तेवढंच.

सहावी पायरी: रात्रीचं मेनू कार्ड वाचायची रीत

फॅमिली रेस्टॉरंटचं कार्ड उघडलं की दीडशे-दोनशे नावं दिसतात. घाबरू नका. आतल्या भटारखान्यात सकाळी साधारण चारच ग्रेव्ह्या तयार होतात: लाल म्हणजे टोमॅटो-काजूची, पांढरी म्हणजे काजू-मगज बीची, पिवळी-तपकिरी म्हणजे कांद्याची, आणि हिरवी म्हणजे पालकाची. रात्री ऑर्डर आली की यातली एक किंवा दोन मिसळून, वर पनीर, भाज्या किंवा कोफ्ता टाकून, लोणी-मलईने नावं बदलतात.

एवढं कळलं की ऑर्डर सोपी होते. चौघांत पनीर बटर मसाला आणि व्हेज मखनवाला अशी जोडी मागवलीत तर एकच लाल ग्रेव्ही दोन भांड्यांत आली. त्याऐवजी एक लाल आणि एक हिरवी घ्या, किंवा एक ग्रेव्हीची आणि एक सुकी, म्हणजे भेंडी, जिरा आलू किंवा तव्यावरची एखादी. चौघांना दोन भाज्या, एक डाळ तडका, एक जिरा राईस पुरतो. रोट्या एकदम सोळा मागवू नका. तंदुरी रोटी पाच मिनिटांत चामडं होते, म्हणून चार-चार करून मागवा आणि वाढपी भाऊंना तसं आधी सांगून ठेवा. ‘एका प्लेटमध्ये किती जणांचं होतं?’ हे विचारण्यात कमीपणा नाही.

शेवटी एक मत, पटलं तर घ्या: ज्या हॉटेलच्या कार्डावर पंजाबी, चायनीज, मेक्सिकन, पास्ता आणि वऱ्हाडी थाळी एकत्र आहेत, तिथे शेजारच्या चार टेबलांवर काय आहे ते बघा आणि तेच मागवा. जो पदार्थ रात्रभरात पन्नासदा जातो तोच ताजा असतो.

सातवी पायरी: जैन, उपवास आणि ‘शुद्ध शाकाहारी’

‘जैन मिळेल’ असं कार्डावर लिहिलेलं पुरेसं नाही, कारण वरच्या ग्रेव्ह्यांत कांदा-लसूण आधीच शिजलेला असतो. खरं जैन करायचं तर टोमॅटो-काजूची वेगळी ग्रेव्ही लागते आणि त्याला वेळ लागतो. पाच मिनिटांत ‘जैन पनीर’ टेबलावर आलं तर शंका घ्या. बटाटा-गाजरसुद्धा चालत नसेल तर तेही वेगळं सांगा. इतवारी-गांधीबागेकडच्या मारवाडी-जैन व्यापारी वस्तीत हे समजावून सांगावं लागत नाही.

उपवासाचं तसंच. चतुर्थीला टेकडी गणपतीचं दर्शन घेऊन खाली उतरलात आणि साबुदाणा वडा समोर दिसला, तर कढई बघा. त्याच तेलात आलूबोंडा तळत असतील तर उपवास तिथेच संपला. साबुदाण्याची उसळ, म्हणजे खिचडी, जास्त सुरक्षित.

ज्या बेकऱ्या आणि कॅफे मिश्र आहेत, तिथे केक आणि पुडिंगमध्ये अंडं आहे का, हे पाटीवर अवलंबून न राहता तोंडाने विचारा.

आठवी पायरी: महिना बघा

थंडीत सांबारवडी खाल्लीच पाहिजे, कारण तेव्हा कोथिंबीर जुडीने स्वस्त आणि कोवळी असते. कोथिंबीर-खोबऱ्याचं सारण भरून तळलेली ती वडी गरम असतानाच, कढीत बुडवून. उन्हाळ्यात मिळाली तरी आत सारण कमी आणि पीठ जास्त. तुरीच्या कोवळ्या दाण्यांची, म्हणजे सोल्यांची भाजी आणि हुरडाही थंडीतच.

डिसेंबरमधल्या हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत सिव्हिल लाईन्स, सदर, बर्डी इथली हॉटेलं भरलेली असतात. तेव्हा लक्ष्मीनगर, प्रतापनगर, मानेवाड्याकडे वळा. दसऱ्याला दीक्षाभूमीच्या आसपासचे रस्ते लाखो लोकांनी भरलेले असतात, त्या दिवशी त्या बाजूला गाडीने जेवायला जायचा विचारही करू नका.

संत्र्याचे बहार दोन. अंबिया दिवाळीच्या आगेमागे, थोडा आंबटसर. मृग फेब्रुवारी-मार्चकडे, जास्त गोड. या संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. रस घेताना ‘साखर नको, बर्फ नको’ म्हणा आणि समोर पिळून घ्या. जूनमध्ये कुणी ताजा नागपुरी संत्र्याचा रस देतो म्हणाला तर मोसंबी मागा.

नववी पायरी: बिल

साध्या रेस्टॉरंटमध्ये जीएसटी ५ टक्के. म्हणजे ६०० रुपयांच्या जेवणावर ३० रुपये, बिलात १५ आणि १५ असे केंद्र आणि राज्याचे दोन भाग दिसतील. कंपोझिशन योजनेतल्या, म्हणजे एकूण विक्रीवर ठोक दराने कर भरणाऱ्या, छोट्या हॉटेलांना ग्राहकाकडून जीएसटी वेगळा घेता येत नाही. बिलावर तसा उल्लेख असतो. तो उल्लेखही आहे आणि खाली कर पण लावलाय, असं दिसलं तर विचारा.

सेवा शुल्क म्हणजे सर्व्हिस चार्ज आपोआप लावता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना तसं सांगतात आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या कायम ठेवल्या. शांतपणे ‘हे काढून द्या’ म्हणा. टीप द्यायची तर वाढपी भाऊंच्या हातात द्या.

बाटलीबंद पाण्यावर भांडू नका. हॉटेलात बसवून वाढलेल्या बाटलीला छापील किमतीपेक्षा जास्त घ्यायला सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये मुभा दिली आहे. बसल्या-बसल्या ‘साधं पाणी’ म्हणा, विषय संपतो.

बिलावर अन्नसुरक्षा परवान्याचा चौदा आकडी क्रमांक असायला हवा. अन्नात काही निघालं, वास आला, तर ताट तसंच ठेवून फोटो काढा, मॅनेजरला दाखवा, बिल जपून ठेवा. दाद लागली नाही तर ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

पार्सल नेताना पोहे आणि तर्री, वडी आणि रस्सा, भात आणि फोडणी, प्रत्येकाची वेगळी पिशवी मागा. संत्रा बर्फी गाडीत नेणार असाल तर डब्यावरची तारीख स्टेशनवर नव्हे, दुकानातच बघा, आणि उन्हाळ्यात डबा गाडीच्या डिकीत ठेवू नका.